ब्युगुला नेरिटिना: झुडूप नव्हे, वसाहत

जहाजांच्या बुडाला चिकटणारं हे जांभळट-तपकिरी झुडूप म्हणजे सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. 1758 मध्ये लिनियसने बाह्यरूप पाहून तिला सर्ट्युलेरिया या हायड्रॉइडांच्या प्रजातीत बसवलं. आतली रचना मात्र वेगळंच सांगते: वसाहतीतला प्रत्येक प्राणी, म्हणजे जीवक, आपल्या पेटीतून संस्पर्शकांचं कडं बाहेर काढतो, आतडं इंग्रजी यू अक्षरासारखं वळतं आणि गुदद्वार त्या कड्याबाहेर उघडतं. हायड्रॉइडला तोंड आणि गुदद्वार मिळून एकच छिद्र! म्हणूनच ही वसाहत ज्यात मोडते तो ब्रायोझोआ हा संघच निराळा.

कुणी म्हणेल, ब्युगुलाची ओळख समजले जाणारे पक्ष्याच्या चोचीसारखे अवयव, अव्हिक्युलेरिया, हिला नाहीतच. मग ही ब्युगुला कशी? पण प्रजातीची व्याख्या जिच्यावरून ठरते ती जाती हीच. 2015 च्या फेरमांडणीत उलट चोचवाल्या अनेक जातीच ब्युगुलिनासारख्या प्रजातींत गेल्या.