दिवसा दिवे लावणारे शहर

हिवाळ्यात पहाटे एखाद्या टेकडीवर चढून तुम्ही खाली गावाकडे पाहिले आहे काय? चुलींचा, बंबांचा धूर थोडा वर चढतो आणि मग अदृश्य छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. पुण्याच्या पर्वतीवरून मी लहानपणी हे अनेकदा पाहिले. ते छत कशाचे, हा प्रश्न मात्र कॉलेजात गेल्यावर पडला. आज अशाच छताखाली गुदमरलेल्या एका शहराची हकिगत सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात टेनेसी राज्य आहे. तेथे टेनेसी नदीच्या वळणावर चॅटनूगा हे मध्यम आकाराचे शहर वसले आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८१ हजार होती. रेल्वे, कोळसा आणि लोखंड यांच्यावर ते वाढले. ओतशाळांची धुराडी रात्रंदिवस चालत. भोवती डोंगर. त्यांपैकी लुकआउट पर्वताचा माथा नदीपासून सुमारे अर्धा किलोमीटर उंच. १९६९ मध्ये केंद्र सरकारच्या पाहणीत हवेतील धूलिकणांच्या बाबतीत हे शहर देशात सर्वांत वाईट ठरले. ही बातमी वॉल्टर क्रॉन्काइट या नामांकित वृत्तनिवेदकांनी दूरदर्शनवर साऱ्या देशाला ऐकवली. त्या काळी भर दिवसा मोटारींचे दिवे लावावे लागत आणि कचेरीतले लोक दुपारी सदरा बदलत, असे तेथील जुने लोक सांगतात.

धुराडी इतर शहरांतही होती. मग चॅटनूगाच का?

सामान्यतः जमिनीपासून वर जावे तसे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. गरम धूर भोवतीच्या हवेपेक्षा हलका, म्हणून तो वर जातो. पण निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकून झपाट्याने थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड व जड होते. डोंगरउतारावरची अशी हवा ओघळत खाली येते आणि दरीत साचते. आता खाली थंड व वर ऊबदार हवा असा उलटा प्रकार होतो. याला तापमान विपरीतता म्हणतात. वर चढणारा धूर प्रसरण पावून थंड होतो, ऊबदार थराशी पोचताच त्याचा हलकेपणा संपतो आणि तो तेथेच अडकतो.

हे घरी करून पाहा. दोन सारख्या बाटल्यांपैकी एकीत कोमट पाणी व दुसरीत रंगवलेले थंड पाणी काठोकाठ भरा. कोमट पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर जाड पुठ्ठा ठेवून ती थंड बाटलीवर पालथी घाला आणि पुठ्ठा अलगद काढा. रंग बराच वेळ खालीच राहील. थंड बाटली वर ठेवून प्रयोग करा, म्हणजे फरक कळेल. (पाणी सांडणारच, तेव्हा मोरीत करा.)

शहराजवळ टीएनटी हे स्फोटक तयार करणारा सरकारी कारखाना होता. व्हिएतनाम युद्धामुळे तो जोरात चाले व त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडत. १९६८-६९ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वस्त्यांतील दुसरीच्या मुलांची तपासणी केली. पाऊण सेकंदात मूल किती हवा जोराने फुंकू शकते, ते मोजले. घरोघरच्या खोकल्या-पडशाच्या नोंदी ठेवल्या. कारखान्याजवळच्या मुलांची फुंक थोडी कमी भरली आणि त्यांच्या घरी आजारही अधिक आढळले. या अभ्यासाचा देशाचे मानक ठरवताना आधार घेतला गेला.

पुढे एक पेच निघाला. हवा एका द्रावणातून बुडबुडे काढत नेऊन नायट्रोजन डायऑक्साइड मोजत. द्रावण त्यातला ठरावीक, सुमारे ३५ टक्के, वायू शोषते असे धरले होते. प्रत्यक्षात हा वाटा हवेतील प्रमाणानुसार बदलतो! वायू कमी असेल तर शोषणाचा वाटा जास्त. म्हणजे स्वच्छ वस्ती होती त्याहून मलिन आणि मलिन वस्ती होती त्याहून स्वच्छ दिसत होती. ती पद्धत रद्द झाली. मुलांच्या फुंकेतला फरक खोटा नव्हता, पण तो किती वायूमुळे पडला हे त्या आकड्यांवरून सांगता येईना. प्रयोगशाळेत उपकरणाचे अंशांकन पाहण्याचा आम्ही शिक्षक आग्रह धरतो, तो काही उगाच नव्हे.

डोंगर हलवता येत नाहीत; धूर कमी करता येतो. १९६९ मध्येच स्थानिक कायदा झाला. उघड्यावर जाळण्याला बंदी आली, दिसणाऱ्या धुरावर मर्यादा आली आणि कारखान्यांना १९७२ पर्यंत मुदत मिळाली. बहुतेकांनी गाळणयंत्रे बसवली. १९८९ मध्ये शहराने केंद्राची तत्कालीन मानके गाठली. यात कायद्याचा वाटा मोठा, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर काही कारखाने बंदही पडले. त्यांच्याबरोबर रोजगार गेले आणि शहराचा मध्यभाग ओस पडला. पुढे अडीच मायक्रॉनहून बारीक कणांसाठी कडक मानक आले, तेव्हा शहराला पुन्हा झगडावे लागले.

१९८४ मध्ये शहराचे पुढे काय करायचे हे ठरवण्यासाठी जाहीर सभा झाल्या. सुमारे १,७०० नागरिकांनी भाग घेतला आणि ४० उद्दिष्टे ठरवली. नदीकाठी १९९२ मध्ये मोठे मत्स्यालय उघडले. त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या बसगाड्या सुरू झाल्या.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती वॉलनट स्ट्रीट पुलाची गोष्ट. १८९१ च्या सुमाराचा हा लोखंडी कैचीचा पूल धोकादायक म्हणून १९७८ मध्ये वाहनांना बंद झाला. तो पाडायचे घाटत होते, पण नागरिकांनी हट्ट धरला. दुरुस्तीनंतर १९९३ मध्ये तो केवळ पायी चालणाऱ्यांसाठी उघडला. लांबी २,३७६ फूट. माणसे हलकी म्हणून हे जमले असे वाटेल, पण जरा गणित करा. एका चौरस मीटरवर दाटीने ६० किलोची पाच माणसे उभी राहिली, तर भार ३०० किलो. दीड टनाची मोटार सुमारे आठ चौरस मीटर जागा घेते. म्हणजे १९० किलोही नाही! मग वाहनांचा त्रास कोणता? मालमोटारीचा भार चार-सहा चाकांखाली एकवटतो, आणि धावत्या चाकांचे धक्के पुलाच्या सांध्यांना दिवसभर बसतात.

या पुलाला एक काळी आठवणही आहे. १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी स्थगित केली असतानाही जमावाने एड जॉन्सन या काळ्या तरुणाला तुरुंगातून ओढून येथेच ठार केले. २०२१ मध्ये पुलाच्या दक्षिण टोकाशी त्याचे स्मारक उभे राहिले. शहराकडून पुलावर फिरायला येणारे लोक त्याच्याजवळूनच जातात.