पकड

सकाळी ७.५०
डोंबिवली पूर्व. मामा कल्याणहून लोकलने आलेत. एमआयडीसीच्या शेअर रिक्षाचे सुटे पैसे मुठीत तयार.

८.३०
आज खिडक्यांचे सेक्शन, अ‍ॅल्युमिनियमच्या ६०६३ अ‍ॅलॉयचे. इमारत समुद्राकाठची, म्हणून अ‍ॅनोडायझिंगचा थर २५ मायक्रॉनचा हवा. मामा एकेक सेक्शन जिगवर, म्हणजे टांगायच्या चौकटीवर, आवळतात. पकड ढिली राहिली तर करंट पोचत नाही, जॉब वाया.
"मामा, झालं ना?" हाताखालचा पोरगा विचारतो.
"अजून अर्धा आटा दे."

९.४५
कॉस्टिकची टाकी, ५५ अंश. सेक्शन उतरताच फेस उसळतो. वाफ घशाला लागते, मामा रुमाल नाकावर ओढतात. मग पाणी. मग नायट्रिकमध्ये बुडी, काळपट राप जातो. पुन्हा पाणी.

१०.२०
मुख्य टाकी. लिटरला १८० ग्रॅम सल्फ्युरिक अ‍ॅसिड, २० अंशांवर. जॉब प्लसला, शिशाच्या पट्ट्या मायनसला. रेक्टिफायर हळूहळू १५ व्होल्टवर. हा थर रंगासारखा वरून बसत नाही. धातूच पृष्ठभागाशी ऑक्साइड होत जातो, म्हणून पापुद्रा सुटत नाही. चिलर घरघरतोय. तो बंद पडून अ‍ॅसिड तापलं, तर थर खडूसारखा भुसभुशीत होतो. मामा सारखे थर्मामीटर बघतात.

११.१५
जॉब बाहेर. थरात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, खारी हवा तिथूनच शिरेल. म्हणून सीलिंग. उकळीला आलेलं शुद्ध पाणी, मायक्रॉनला तीन मिनिटं. म्हणजे ७५ मिनिटं. छिद्रांची तोंडं फुगून मिटतात. तेवढ्यात कटिंग चहा, दहा रुपये.

दुपारी २.००
डबा झाला. आता रिकामे जिग कॉस्टिकमध्ये. ते अ‍ॅल्युमिनियमचे, त्यांच्यावरही थर चढतो. तो उतरवला नाही तर पुढच्या लॉटला करंट मिळत नाही. दर वेळी जिग थोडा झिजतो. टायटॅनियमचे टिकतात, पण महाग.

४.३०
तपासणी. मामा टेस्टरच्या दोन्ही सुया सेक्शनवर टेकवतात. आवाज नाही. थर वीज अडवतो, म्हणजे चढलाय. जिगने धरलेल्या दोन बारीक खुणांवर मात्र टेस्टर वाजतो. तिथे थर नसतो. त्या बाजू भिंतीकडे जातील.

६.००
उद्या शुक्रवार, एमआयडीसीची सुट्टी. मामा हजेरीवर, दिवसाचे सातशे. उद्याचे नाहीत. ते शनिवारचे जिग खिळ्याला टांगतात, आणि प्रत्येकाचा नट एकदा चाचपून बघतात.