पुस्तक मिटा, मग आठवा

दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्याचं कर्नाटकाला टेकलेलं टोक. इथं अनेक घरांत कन्नड, शाळेत मराठी आणि बीएस्सी नर्सिंगची पुस्तकं मात्र इंग्रजीत. मग घोकंपट्टी आलीच: तोच धडा चार वेळा वाचायचा, पिवळ्या रेघा ओढायच्या.

रेघांनी पान सजतं, एवढंच.

पुन्हा पुन्हा वाचणं बरं की आठवून पाहणं, हे 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी तपासलं. एका गटानं उतारा चारही सत्रांत वाचला; दुसऱ्यानं एकाच सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारेच पुढे होते! आठवड्यानं मात्र त्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. आठवण्याची धडपडच स्मृती पक्की करते.

तेव्हा कॉलेजसाठी सोलापूरच्या गाडीत बसल्यावर पुस्तक मिटून गणित सोडवावं: 500 मिलिलिटर सलाईन 4 तासांत द्यायचंय, 1 मिलिलिटरचे 20 थेंब, मिनिटाला किती? 10,000 थेंब, 240 मिनिटं, म्हणजे सुमारे 42. दोन दिवसांनी आकडे बदलून पुन्हा. शेजारच्या मैत्रिणीला हेच कन्नडमध्ये समजावताना जीभ जिथं अडखळेल, पुस्तक तिथंच उघडायचं.