अस्वलासाठी कोणती गोळी?

माझा भाचा अमेरिकेचा नागरिक आहे. त्याने अलास्कात नदीकाठी मासेमारीला जायचे ठरवले आणि फोनवर विचारले, ''मामा, पिस्तुलात कोणत्या गोळ्या घालू?'' मी तिथल्या सर्वेक्षण-छावणीत चार उन्हाळे काढले आहेत, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. जंगलभटकंतीला जाणारी मराठी मुले तिकडे बरीच आहेत. त्यांच्या आईवडिलांनाही हे ठाऊक असावे.

माणसापासून बचावासाठी विकल्या जाणाऱ्या गोळीचे टोक बहुधा पोकळ असते. अंगात शिरताच ती फुलते आणि लवकर थांबते. आरपार जाऊन दुसऱ्याला लागू नये, हाही त्यात हेतू असतो. अस्वलाच्या बाबतीत हाच गुण दोष ठरतो. किनाऱ्याकडच्या मोठ्या तपकिरी नराचे वजन चारशे किलोंच्या वर जाते. जाड कातडे, चरबी, स्नायू आणि हाडे भेदून गोळी मेंदूपर्यंत किंवा मणक्यापर्यंत गेली, तरच तो जागच्या जागी थांबतो. काळजात गोळी लागलेले अस्वलही काही क्षण धावू शकते.

म्हणून तिथले जाणकार न फुलणारी, वजनदार, चपट्या टोकाची गोळी घेतात. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ती कडक केलेली असते. रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ मॅग्नम आणि पिस्तुलात १० मि.मी. ही काडतुसे पसंत केली जातात. ग्रीनलंडमधले डेन्मार्कचे सिरियस गस्तीपथक १० मि.मी.चेच पिस्तूल बाळगते. मात्र या गोळ्या आपल्या पिस्तुलात अडकत नाहीत ना, हे आधी झाडून पाहावे.

आणखी जोरदार काडतूस म्हणजे आणखी सुरक्षितता, असे मलाही वाटे. सरावात .४४ ची पहिली गोळी निशाणाला लागली. झटक्याने हात वर गेला आणि दुसरी मातीत गेली. अस्वल ताशी ५५ कि.मी. वेगाने धावू शकते, म्हणजे तीस मीटर अंतर दोन सेकंदांत. तेव्हा हाताला पेलेल तेवढाच जोर घ्यावा.

अलास्कातील २६९ घटनांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बंदूक जवळ असलेल्यांपैकी ती वापरणारे आणि न वापरणारे यांना झालेल्या इजेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याआधी २००८ च्या अभ्यासात मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा रोखले होते. फवाऱ्याचा ढग पसरतो. नेम थोडा चुकला तरी चालतो.

यलोस्टोन उद्यानात २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते, पण तिथे ती झाडण्यास मनाई आहे. फवारा मात्र वापरता येतो.

भाच्याला मी गोळी सांगितली, पण आधी फवारा घ्यायला लावला. तो विमानात नेता येत नाही, म्हणून अँकरेजला उतरल्यावर घे, पिशवीत न टाकता छातीच्या पट्ट्याला अडकव आणि चालताना मोठ्याने बोलत जा, असे बजावले. माणसाची चाहूल लागली की बहुतेक अस्वले आपणहून वाट सोडतात.