वॉल्टरच्या ताटातली काकवी

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. टॉम रॉबिन्सन या निरपराध काळ्या माणसावरील खटला हा तिचा गाभा मानतात. मला मात्र जेवणाचा एक साधा प्रसंग अधिक बोलका वाटतो.

काळ १९३०नंतरच्या मंदीचा, गाव अलाबामातले कल्पित मेकोम. शेतकऱ्याच्या वॉल्टरजवळ डबा नसतो. बाई पैसे देऊ करतात, तो घेत नाही. फेडता येणार नाही ते घ्यायचे नाही, ही त्याच्या घराण्याची रीत. वकिलाची मुले जेम आणि स्काउट त्याला घरी जेवायला नेतात. तो ताटातल्या भाजीवर, मांसावर काकवी ओततो. स्काउट त्याला टोकते. तेव्हा घरची काळी स्वयंपाकीण कॅल्पर्निया तिला आत नेऊन खडसावते : घरी आलेला कोणीही पाहुणाच!

वाचताना मलाही हसू आले होते. त्यामुळे ती बोलणी मलाही बसली. कारण हाच वॉल्टर दर वसंतात शेतावर राबतो आणि म्हणून पहिलीतच अडकतो.

पुढे टॉमला मारायला तुरुंगापाशी जमलेल्या जमावात वॉल्टरचे वडील असतात. स्काउट त्यांच्याशी वॉल्टरविषयी बोलू लागते. ते वरमतात आणि जमाव परततो. तरीही न्यायालयात टॉम दोषी ठरतो, आणि आत्या वॉल्टरला पुन्हा घरी येऊ देत नाही. सहानुभूतीची ताकद आणि तिची मर्यादा लेखिकेने अशी एकत्रच दाखवली आहे.