अंगठी पुन्हा फिरू लागली

आईच्या अनामिकेतली अंगठी लग्नातली आहे. तीन वर्षांपूर्वी ती बोटात रुतून बसली. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं, पण अंगठी तसूभर हलेना. बोट सुजल्यासारखं दिसायचं, पण दाबलं तर खळगा पडायचा नाही. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगवटा असायचा. आवाज घोगरा झाला होता. पुण्यातल्या ऐन मे महिन्यात ती पंखा बंद करायला सांगायची आणि खांद्यावर शाल ओढून बसायची. एरवी सगळ्या गल्लीची खबर ठेवणारी बाई वाक्याच्या मध्येच शब्द शोधत थांबायची. आम्ही सगळे म्हणालो, वय झालं. रक्त तपासलं तेव्हा कळलं की ते वय नव्हतं, थायरॉइड मंदावली होती.

आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ती सगळ्यांनाच असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनळीला बिलगून बसलेली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ही ग्रंथी. मराठी पाठ्यपुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. तिचं वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. जेवणातल्या मिठातून येणारं आयोडीन ती रक्तातून वेचून घेते आणि त्यापासून थायरॉक्सिन नावाचं संप्रेरक तयार करते. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूवर आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याचं दुसरं नाव टी-फोर.

आईला सुरुवातीला याच थायरॉक्सिनची 25 मायक्रोग्रॅमची गोळी मिळाली. उतारवयात हृदयावर एकदम ताण येऊ नये म्हणून डॉक्टर असा कमी डोस देऊन हळूहळू वाढवतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मी गणित मांडून पाहिलं. एखाद्यानं रोज 100 मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेतलं, तर एक ग्रॅम संपायला 10,000 दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षं लागतील. चहाच्या चमचाभर मिठाचं वजन पाच-सहा ग्रॅम भरतं. माणसाला आयुष्यभर पुरेल एवढं थायरॉक्सिन त्या चमच्यात मावेल आणि वर जागा उरेल. शरीराची ऊब, नाडीचा वेग, आतड्यांची हालचाल, केस, आवाज, स्मरण हे सगळं एवढ्याशा ऐवजावर चालतं. हे कळल्यापासून त्या छोट्या गोळीकडे मला साधेपणानं पाहताच येत नाही.

गोळी पोटात गेली की पुढे काय होतं? थायरॉक्सिन हा बराचसा साठा असतो. यकृत, मेंदू, स्नायू आपापल्या गरजेप्रमाणे त्याच्यावरचा एक आयोडीन अणू काढतात, की त्याचं टी-थ्री होतं. खरं काम या टी-थ्रीचं. ते पेशीच्या केंद्रकात शिरतं, जनुकांपाशी जाऊन बसतं आणि कुठली प्रथिनं जास्त बनवायची, कुठली कमी, हे बदलतं. म्हणजे ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात आराम देणारी नव्हे. प्रथिनं नव्यानं बनायला हवीत, ती जागेवर पोचायला हवीत, जुनं साठलेलं उपसायला हवं. शिवाय आज घेतलेल्या गोळीतलं निम्मं थायरॉक्सिन सात दिवसांनंतरही शरीरात असतं. रांजणात रोज एक तांब्या ओतावा आणि तळातून थोडं झिरपत राहावं, तशी पातळी चढत चढत पाच-सहा आठवड्यांनी स्थिरावते. पुढची रक्ततपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायला सांगतात ती यामुळेच. आई पंधराव्या दिवशी विचारत होती, ‘अजून काहीच कसं नाही?’ तेव्हा रांजण अर्धाअधिक भरत आला होता, इतकंच.

रिपोर्टवरचा टीएसएचचा आकडाही अनेकांना चकवतो. थायरॉइड कमी काम करते, मग आकडा वाढलेला कसा? कारण टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होत नाही. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते, तिनं थायरॉइडला घातलेली ती हाक आहे. पलीकडून ओ येईना की हाकेचा आवाज चढत जातो. गोळी सुरू झाली, रक्तात थायरॉक्सिन आलं, की हाक हळूहळू खाली येते.

सगळ्यात नवल वाटतं ते सुजेचं. मंदावलेल्या थायरॉइडमध्ये त्वचेखाली हायल्युरॉनिक आम्लासारखे चिकट पदार्थ साठत जातात आणि पाणी धरून ठेवतात. भिजवलेला सब्जा आठवा. प्रत्येक बी स्वतःभोवती पाण्याचं वेष्टण धरून फुगतं. त्वचेखालचं पाणीही असंच मोकळं नसतं, म्हणून बोटानं दाबून खळगा पडत नाही. चेहऱ्यावर फुगवटा येतो तो यानंच. स्वरतंतू जाड होतात, आवाज घोगरा होतो, तोही यानंच. उपचार सुरू झाले की हा चिकटा विरघळू लागतो, धरलेलं पाणी सुटतं आणि लघवीवाटे निघून जातं. पहिल्या काही आठवड्यांत वजन उतरतं ते मुख्यतः या पाण्याचं. थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बहुधा थोडंच असतं, हे आधीच सांगितलेलं बरं. गोळीनं पंधरा-वीस किलो उतरतील अशी आशा धरून बसलेली माणसं मग उगाच स्वतःला दोष देतात.

आईच्या डॉक्टरांनी एक जुनी परीक्षा केली होती. तिला खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं मागे लोंबती ठेवून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल टुणकन हललं, पण परत जागेवर यायला रेंगाळलं. आक्रसलेला स्नायू सैल पडायचा तर त्यातलं कॅल्शियम उपसून पुन्हा कोठारात भरावं लागतं. ते उपसणारे पंप किती असावेत, हे टी-थ्री ठरवतं. पंप कमी, म्हणून स्नायू सुटायला उशीर. काही महिन्यांनी तीच हातोडी, तेच पाऊल, पण या वेळी गेलं आणि लगेच आलं. रक्ताच्या आकड्यात दिसणारी सुधारणा मी अशी डोळ्यांनी पाहिली.

सगळे अवयव मात्र एका वेळी जागे होत नाहीत. नाडी आणि थंडी आधी सुधारतात, पोट साफ होऊ लागतं. थकवा काही आठवड्यांत हटतो, पण कोरडी त्वचा, आवाज आणि विसराळूपणा यांना कित्येक महिने लागू शकतात. केस तर सुरुवातीला अधिकच गळाल्यासारखे वाटतात, आणि नवा केस महिन्याला सुमारे सेंटिमीटरभर वाढतो. त्याला घाई करता येत नाही.

मंद थायरॉइडचा माणूस औषधानं बरा होण्याचा चमत्कार पहिल्यांदा घडला 1891 मध्ये, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला. जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. तोवर या आजारावर औषधच नव्हतं. माणूस हळूहळू सुजत, गोठत जायचा. काही महिन्यांत तिची सूज उतरली, बोलणं-चालणं सुधारलं. लवकरच कळलं की अर्क टोचायचीही गरज नाही, तोंडानं घेतला तरी चालतो. ती बाई आणखी 28 वर्षं जगली आणि 1919 मध्ये 74 व्या वर्षी गेली. तेवढ्या काळात तिच्यासाठी 870 पेक्षा जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या. पुढे 1914 च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक मिळवले आणि 1927 मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन व जॉर्ज बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं. हळूहळू मेंढ्या सुटल्या.

याच रेणूची आणखी एक करामत 1912 मध्ये गुडरनात्श या शास्त्रज्ञानं नोंदवली. त्यानं बेडकाच्या पिलांना घोड्याची थायरॉइड खाऊ घातली. ती पिल्लं पुरती वाढण्याआधीच त्यांच्या शेपट्या झडल्या, पाय फुटले आणि इवलेइवले बेडूक तयार झाले. उलट थायरॉइड काढून टाकलेली पिल्लं मोठी होत राहतात, पण बेडूक कधीच होत नाहीत. तळ्यातल्या पिलाला पाय फुटायला लावणारं आणि माझ्या आईला पंखा सोसायला लावणारं रसायन एकच आहे.

आमच्या घरात आता पहाटे स्टीलच्या पेल्यात पाणी आणि शेजारी गोळ्यांची बाटली असते. उपाशीपोटी गोळी, मग अर्धा ते एक तास चहा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी, नाहीतर त्या थायरॉक्सिनला आतड्यातच अडवतात. मध्यंतरी रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आईनं गोळी बंद करायचं मनावर घेतलं होतं. तो नॉर्मल गोळीमुळेच आहे, हे पटवायला दोन दिवस लागले. आकडा जागेवर येऊनही काहींचा थकवा जात नाही. त्यांनी रक्त कमी आहे का, बी-12 कमी आहे का, झोप नीट होते का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं. मनानं डोस वाढवू नये, जादा थायरॉक्सिन हृदयाला आणि हाडांना त्रास देतं.

उपचार सुरू होऊन चार महिने झाले होते. आई दुपारी ओट्याशी बसून मटार सोलत होती, शेजारणीशी फोनवर बोलत होती. आवाज तिचा जुना, खणखणीत. बोलताबोलता ती अंगठ्यानं अंगठी फिरवत होती. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

मोठ्या माणसाच्या बाबतीत उशिरा कळलं तरी बहुतेक सगळं असं परत मिळतं. तान्ह्या बाळाचं तसं नाही. जगभरात दोन ते चार हजार बाळांमागे एक बाळ मंद थायरॉइड घेऊन जन्मतं आणि बघताना ते बहुधा अगदी निरोगी दिसतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर त्याचा मेंदू सहसा इतर मुलांसारखा वाढतो. महिने उलटले तर झालेलं नुकसान नंतरच्या गोळीनं पुरतं भरून येत नाही. तपासणीला टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब पुरतात. तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर ही तपासणी होणार आहे का, हे डॉक्टरांना बाळंतपणाआधीच विचारून ठेवा.