इस्लापूर परिसरातील मुक्तिसंग्राम भ्रमंती

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील गाव आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात ते निजामी राज्याच्या उत्तर सीमेलगत होते आणि येथील सीमा म्हणजे पैनगंगा नदी. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत नदीचा पलीकडचा काठ स्वतंत्र भारतात, तर अलीकडचा निजामाच्या अमलाखाली होता.

एका दिवसाच्या भ्रमंतीचा आरंभ जवळच्या सहस्रकुंड धबधब्यापासून करावा. खडकाळ पात्रापलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे वऱ्हाड दिसते. विशेष असे, की इंग्रजी राजवटीत वऱ्हाडवरही कागदोपत्री स्वामित्व निजामाचेच होते. कारभार मात्र मध्य प्रांताचा. त्या बाजूच्या उमरखेड येथे स्टेट काँग्रेसचे सीमाकेंद्र होते. रझाकारांच्या जाचाला कंटाळलेली कुटुंबे सीमा ओलांडून वऱ्हाडात आश्रयाला जात. पर्यटक पावसाळ्यात येतात. पण ही सीमा किती अरुंद होती हे समजायचे असेल, तर पाणी ओसरल्यावर हिवाळ्यात यावे.

दुपारी हिमायतनगर-भोकरमार्गे उमरी गाठता येते. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी तेथील बँकेवर सशस्त्र छापा घालून लढ्यासाठी पैसा नेला. त्याच सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली.

भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर निजामाने शरणागती पत्करली, तरी इस्लापूर लगेच नांदेडमध्ये आले नाही. ते आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत इस्लापूर मंडळ किनवट तालुक्यासह तत्कालीन मुंबई राज्यात आले. त्यामुळे जुन्या सरकारी कागदपत्रांत या गावाचा शोध आदिलाबादच्या नोंदींत घ्यावा लागतो.